बोटीवरचं पहिलं जेवण

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आज मी आपल्याशी जहाजावरच्या जेवणाबद्दल बोलणार आहे. पाककृती सांगणार नाही, घाबरू नका. शिकायला म्हणून घर सोडलेली आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्रावर गेलेली आपली माणसं पहिले चार-आठ दिवस काय खात होती, कुणाच्या पंगतीला बसत होती, असा हा विषय आहे. तो मला एका चौथीतल्या मुलीने दिला. मणिबेलीत.

मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदाकाठचं आदिवासी गाव. सरदार सरोवराचं पाणी चढू लागलं तेव्हा महाराष्ट्रातल्या तेहतीस गावांपैकी सर्वांत आधी ते या गावाला भिडलं. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, १९९८ पर्यंत हा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता. नव्वदच्या दशकात पावसाळ्यामागून पावसाळे या गावाने सत्याग्रह केला. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ त्याच दशकात पाण्याखाली गेलं. १९९४ साली जगभरच्या संस्थांनी जागतिक बँकेला मोठ्या धरणांबद्दल जे निवेदन दिलं, त्याला ‘मणिबेली जाहीरनामा’ असंच नाव पडलं. हे सारं आपण वाचलेलं असतं. तिथे गेल्यावर मात्र आधी दिसतं ते एवढंच, की इथल्या माणसाला दवाखान्यात, बाजाराला, कधीकधी शाळेलासुद्धा होडीतून जावं लागतं.

तिथे नर्मदा आंदोलनाने चालवलेली जीवनशाळा आहे. मुलं शाळेतच राहतात, तिथेच जेवतात. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याबरोबर मी तिथे गेलो होतो. निवृत्त इतिहास शिक्षकाला मुलांपुढे उभं केलं की तो गोष्ट सांगणारच. मी आनंदीबाई जोशींची सांगितली. अठरा वर्षांची मुलगी डॉक्टर व्हायला एकटी बोटीत बसली, दोन महिने पाण्यावर होती, अमेरिकेला पोचली, वगैरे. मला वाटलं होतं, मुलं अमेरिकेबद्दल विचारतील. एक मुलगी उठली आणि म्हणाली, “गुरुजी, बोटीत तिनं खाल्लं काय?”

मी म्हणालो, पाव, बटाटे, असंच काहीतरी. शिक्षकाला प्रश्न टाळायचा असला की तो असंच बोलतो. पण होडीतून परत येताना तो प्रश्न मनातून जाईना. कारण मुलीने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. घर सोडून शाळेत राहायला आलेल्या मुलाचं पहिल्या दिवसांचं दुःख हे ताटाशी जोडलेलं असतं, आणि तिला ते स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होतं. आम्हां इतिहासवाल्यांना ते पुस्तकात शोधावं लागतं.

तर आनंदीबाई. जन्म ३१ मार्च १८६५. माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी टपाल खात्यातल्या गोपाळराव जोशींशी लग्न झालं. चौदाव्या वर्षाच्या आसपास मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. बायकांना दाखवायला बाई डॉक्टर असती तर, हा विचार तिथून सुरू झाला असं सांगतात. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असं करत हे जोडपं कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला पोचलं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी एका मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. जायचं ठरलं.

इथे एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. २४ फेब्रुवारी १८८३. त्या दिवशी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून जाहीर भाषण केलं. आपण अमेरिकेला का जातो, इथे शिकायची सोय नाही का, एकटी का जाते, परत आल्यावर जात वाळीत टाकेल त्याचं काय, अशा लोकांनी विचारलेल्या सहा प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तरं दिली. वाळीत टाकण्याच्या प्रश्नावर त्यांचं उत्तर असं होतं की, मी इथे जशी राहते तशीच तिथे राहणार आहे, आचार, अन्न, वेष यांत काही बदल करणार नाही, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन. मग मला बाहेर का टाकाल?

भाषण धीट होतं यात शंका नाही. पण जरा थांबून पाहा, त्यात केवढं मोठं वचन देऊन टाकलं आहे! वेष आपल्या हातातला असतो, नऊवारी नेसायची ठरवली तर नेसता येते. अन्न मात्र जहाजावर दुसऱ्याच्या हातचं. सभागृहात दिलेल्या त्या वचनाची परीक्षा अमेरिकेत नव्हे, बोटीवरच्या पहिल्या जेवणालाच होणार होती.

७ एप्रिल १८८३ ला ‘सिटी ऑफ कलकत्ता’ नावाच्या आगबोटीने त्या निघाल्या. अठरावं पूर्ण होऊन एक आठवडा झाला होता. गोपाळराव मागे राहिले. सोबतीला ओळखीतून जमवलेल्या मिशनरी बायका होत्या. कलकत्त्याहून निघालेल्या माणसाला लगेच समुद्र लागत नाही, हे आपण मुंबईकडची माणसं विसरतो. बंदरापासून समुद्र सुमारे दोनशे किलोमीटर दूर. हुगळीच्या पात्रातले वाळूचे दांडे सतत जागा बदलतात, म्हणून नदीची खोली ओळखणारा खास पायलट बोटीवर चढतो आणि भरती पाहून तिला खाली नेतो. सेरामपूरच्या घाटावरून जी नदी आनंदीबाई रोज पाहत, तीच त्यांना घेऊन निघाली होती. दोन्ही काठांवर झाडं, घाट, घरं दिसत राहतात. मग काठ मागे हटत जातात आणि एका वेळी पाहावं तर नसतातच.

तिथून पुढे बोट लागते. ‘बस लागते’ तशी ‘बोट लागते’. कोकणातल्या जुन्या मंडळींना हा शब्द समजावून सांगायला नको. मुंबई-रत्नागिरी बोटीत लिंबू हुंगत बसलेली माणसं त्यांनी पाहिलेली आहेत. कारण साधं आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते, ती सांगते की आपण हलतो आहोत. डोळे केबिनची भिंत पाहून सांगतात की आपण स्थिर आहोत. या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत हे भांडण मिटवतं आणि मग कडकडून भूक लागते. आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

त्या काळच्या प्रवासी बोटीवर घंटा झाली की सर्वांनी भोजनगृहात जायचं. लांब टेबलं, ठरलेल्या जागा, समुद्र खवळला तर ताटं घसरू नयेत म्हणून टेबलाला लाकडी कडा. काटे-चमचे-सुऱ्या. शेजारी कोण बसेल ते आपल्या हाती नाही. पदार्थ बहुतेक सामिष, आणि नसले तरी कुठल्या चरबीत शिजवले ते विचारायची भीड. आपल्याकडे समुद्रप्रवासाला धर्मशास्त्राचा विरोध होता असं आपण म्हणतो. कलिवर्ज्यांच्या यादीत तो आहे आणि महामहोपाध्याय काण्यांनी आपल्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त या वर्ज्यांची सविस्तर चर्चा केली आहे. माझं आपलं मत असं, की एकोणिसाव्या शतकापर्यंत भीती पाण्याची फारशी उरली नव्हती. भीती त्या टेबलाची होती. नाहीतर १८९० साली पुण्यात, समुद्रापासून इतक्या दूर, पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली एवढ्यावरून टिळक-रानड्यांसकट एवढ्या मंडळींवर ग्रामण्य झालं नसतं.

आणि गंमत अशी की समुद्र आपल्या माणसांना नवा मुळीच नव्हता. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकवरचे खलाशी पुष्कळदा रत्नागिरीकडचे मुसलमान असत, आणि जेवण वाढणारे गोव्याचे ख्रिस्ती. म्हणजे पुण्या-मुंबईचा विद्यार्थी ज्या टेबलावर संकोचून बसे, त्या टेबलावर ताट मांडणारा हात बहुधा सावंतवाडीपलीकडचा असे.

आनंदीबाईंनी आपलं वचन पाळलं. सामिष घेतलं नाही, त्यामुळे ताटात येईल त्यातलं थोडंसं खायचं आणि बाकीचं सोडायचं, असे त्यांचे खाण्याचे हाल झाले. अठ्ठावन्न दिवस. हा आकडा मी पुन्हा मोजला, ७ एप्रिल ते ४ जून. चातुर्मासात एकभुक्त राहणाऱ्या आपल्या आज्या आठवतात, पण त्यांचा उपास घरच्या माणसांत असे आणि सुटायचा दिवस ठरलेला असे. इथे बोलायलाही आपल्या भाषेतलं माणूस नाही. बोटीवरून लिहिलेल्या पत्रांतून गोपाळरावांना काय कळत असेल ते असेल. पत्र पोचेपर्यंत ते दुःख शिळं झालेलं असणार.

याच महिन्यात दुसऱ्या किनाऱ्यावरून दुसरी एक मराठी बाई निघाली होती, हे मला फार आवडतं. पंडिता रमाबाई. २० एप्रिल १८८३ ला मुंबईहून ‘कैसर-ए-हिंद’ या बोटीने. बरोबर नुकती दोन वर्षांची झालेली मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. खर्चाला आधार ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीचा. त्याही वैद्यकी शिकायच्या विचारानेच निघाल्या होत्या. पुढे कमी ऐकू येण्यामुळे ते राहून गेलं. निघाल्यापासून तिसऱ्या दिवशी, २३ एप्रिलला, त्यांना पंचविसावं वर्ष पूर्ण झालं. काही आठवडे या दोघी, नात्याने एकमेकींच्या दूरच्या बहिणी, एकाच वेळी समुद्रावर होत्या. रमाबाईंनी या प्रवासाची हकीकत पत्ररूपाने लिहून पाठवली आणि ती ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून त्याच वर्षी छापली गेली.

रमाबाईंना जातीची भीती घालायला कुणी उरलंच नव्हतं. आईबाप दुष्काळात गेले, भाऊ गेला, नवरा गेला. लहानपणापासून देशभर अनवाणी हिंडलेली बाई ती. सप्टेंबरअखेर इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आणि तरीही त्या शाकाहारीच राहिल्या! वॉन्टेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डाईन यांना हे खटके, तो जातीचा अहंकार वाटे. दोघींच्या पत्रांत यावरून चांगलीच चकमक आहे. रमाबाईंचं म्हणणं सरळ होतं की, देव बदलला म्हणून ताट बदलायचं कारण नाही. आनंदीबाईंनी धर्म राखण्यासाठी ताट राखलं, रमाबाईंनी धर्म सोडून ताट राखलं. तेव्हा बोटीवरच्या त्या उपासाला नुसती ‘रूढी’ म्हणून मोकळं होता येत नाही. घरापासून हजारो मैलांवर माणसाजवळ स्वतःचं म्हणून जे शेवटचं उरतं, ते कदाचित चवच असेल.

पाच वर्षांनी, ४ सप्टेंबर १८८८ ला, मुंबईच्या याच बंदरातून एक गुजराती मुलगा ‘क्लाइड’ बोटीने निघाला. तोही अठराच वर्षांचा, आणखी महिन्याभरात एकोणीस पूर्ण करणारा. त्यानेही वचन दिलेलं, पण ते आईला. मांस, मदिरा, परस्त्री वर्ज्य. मुंबईत त्याच्या मोढ वाणी जातीने सभा भरवून त्याला बाहेर टाकलं होतं. मोहनदास गांधींनी आत्मचरित्रात हे पहिले दिवस मोठ्या मोकळेपणाने सांगितले आहेत. बोट त्यांना लागली नाही. लागली ती लाज. इंग्रजी बोलायची सवय नाही, प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवायचं. काटे-सुऱ्या कशा धरायच्या ते ठाऊक नाही आणि यादीत बिनमांसाचं काय आहे ते विचारायचा धीर नाही. म्हणून ते भोजनगृहात गेलेच नाहीत. घरून आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये बसून खाल्ली. एक भला इंग्रज प्रवासी त्यांना सांगत राहिला की, तांबडा समुद्र ओलांडल्यावर बिस्केच्या उपसागरात थंडी अशी पडेल की मांसाशिवाय निभणार नाही. निभलं. मग मांस खाल्लं नाही याचा दाखला म्हणून त्यांनी त्या इंग्रजाकडून चिठ्ठीही लिहून घेतली. पुढे मांस खाणाऱ्यांनाही तसाच दाखला मिळतो हे पाहून त्या कागदाचं कौतुक संपलं. हा प्रसंग वाचला की मला प्रत्येक वेळी हसू येतं.

सगळ्यांचीच अडचण ताटाची होती असं मात्र नाही. ९ जून १९०६ ला ‘पर्शिया’ बोटीने गेलेल्या सावरकरांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे ते घरच्या ओढीबद्दल. त्यांच्याबरोबरचा हरनामसिंग हा पंजाबी तरुण इतका कासावीस झाला की वाटेतूनच परत फिरायला निघाला होता, त्याला समजावून पुढे न्यावं लागलं. पहिल्या दिवसांत अशी ओढ लागणारे किती असतील! परत फिरलेल्यांची चरित्रं लिहिली जात नाहीत, एवढंच.

आणि आता ज्यांच्यामुळे हा सगळा विषय उलटा होऊन समोर येतो त्यांच्याबद्दल. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला गेले, जुलैमध्ये पोचले. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला बसायला घरून गोणपाट न्यावं लागे, शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, आणि शिपाई नसला तर तहान तशीच राहत असे, त्या मुलाच्या दृष्टीने बोटीवरचं टेबल काय असेल? तिथे जागा तिकिटावर मिळते. शेजारचा उठून जात नाही. पाणी मागितलं की पेला भरतो. आनंदीबाईंच्या समाजाला जे टेबल बाटवणारं वाटे, ते इथे पहिल्यांदाच बरोबरीने बसवणारं होतं. अमेरिकेतही जेवणाची तक्रार त्यांना होतीच, पहिल्या वसतिगृहातलं अन्न त्यांना रुचलं नाही. पण ती तक्रार कुणाही विद्यार्थ्याची असते तशी होती. पुढे त्यांनी लिहून ठेवलं आहे की परदेशातल्या त्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली होती. ती परत आली १९१७ साली बडोद्याच्या स्टेशनावर उतरताना: आता राहायचं कुठे, जेवायचं कुठे? पारशी खाणावळीतून त्यांना ज्या रीतीने बाहेर काढलं, ती हकीकत आपल्याला माहीत आहे. त्यांची परीक्षा बोट सुटताना नव्हती, बोट लागल्यावर होती. अमेरिका-इंग्लंडात जमवलेली पुस्तकं ज्या बोटीने पाठवली होती ती महायुद्धात टॉर्पेडोने बुडाली, हे त्यात आणखी.

म्हणून समुद्रबंदीचा इतिहास लिहिताना नुसत्या बंदी मोडणाऱ्यांची नावं देऊन भागत नाही असं मला वाटतं. ती बंदी ज्या पंगतीचं रक्षण करत होती, त्या पंगतीत ज्यांना जागाच नव्हती त्यांच्या बाजूनेही एकदा ती पाहायला हवी.

पुन्हा आनंदीबाईंकडे येतो. ४ जून १८८३ ला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई उतरवून घ्यायला आल्या होत्या. तोवर दोघींनी एकमेकींना फक्त पत्रांतून पाहिलेलं. रोझेलच्या घरात आनंदीबाईंना चूल मिळाली, आणि दोन महिन्यांचा तो लांबलेला उपास खऱ्या अर्थाने तिथे सुटला. त्या स्वतःचं स्वतः रांधू लागल्या. पुढे एकदा त्यांनी कार्पेंटर मंडळींच्या स्नेह्यांना आपल्या पद्धतीचं जेवण करून वाढलं. पाहुण्यांनी जमिनीवर मांडी घालायची, हाताने खायचं. अडखळायची पाळी आता दुसऱ्यांची होती.

त्यानंतर फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय, तिथली थंडी, धुराने भरणारी खोली, ११ मार्च १८८६ ची पदवी. त्या समारंभाला रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी एकाच वेळी दोन समुद्रांवर असलेल्या या बायका तिथे भेटल्या. पण तोवर क्षयाने आनंदीबाईंना गाठलं होतं. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात नेमणूक झाली होती, तिथे जाणं झालं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसावं पूर्ण व्हायच्या आधीच, त्या पुण्यात गेल्या. काशीबाई कानिटकरांनी दोन वर्षांत त्यांचं चरित्र लिहून काढलं म्हणून त्यांची पत्रं आपल्यापर्यंत पोचली. अस्थी कार्पेंटरबाईंकडे गेल्या. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी इथल्या दफनभूमीत त्यांच्या कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या आहेत.

घरी आल्यावर हे सगळं वाचून, पडताळून मी मणिबेलीच्या शाळेला पत्र टाकलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं की, तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर आता मिळालं: आनंदीबाईंनी बोटीत थोडंसं खाल्लं, पुष्कळसं सोडलं, आणि तिकडे पोचल्यावर स्वतः स्वयंपाक करून सगळ्यांना जेवायला घातलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. अक्षर शिक्षकाचं, मजकूर मुलांचा. त्यांनी विचारलं होतं, अमेरिकेत भाकरीचं पीठ तिनं कुठून आणलं?